झाकण निघत नाहीये

पत्र

सप्रेम नमस्कार. मी नाशिकरोडच्या एका शाळेत मराठी शिकवते आणि नववीची वर्गशिक्षिका आहे. सायबर सुरक्षेच्या तासाला काय दाखवावं ते शोधताना ‘सायबरबुली’ हा अमेरिकन टीव्हीवरचा चित्रपट सापडला. घरी पाहिला तेव्हा मला रडू आवरेना, म्हणून एका शनिवारी डिजिटल बोर्डवर मुलांना दाखवला. मध्येमध्ये थांबवून मराठीत समजावतही होते. त्यात एका ठिकाणी चित्रपटातली मुलगी जीव द्यायला निघते, गोळ्यांची बाटली उघडू पाहते आणि झाकण निघत नाही, असा प्रसंग आहे. त्याला सगळा वर्ग खो खो हसला. काही मुलगे तर तिने तोंड उघडायच्या आधीच हसायला लागले होते. सोमवारपासून मधल्या सुट्टीत एकच चाललंय. पाण्याची बाटली हातात धरायची आणि रडक्या आवाजात म्हणायचं, ‘मॅडम, झाकण निघत नाहीये!’ मी अख्खा तास त्यांना बोलले. ‘दुसऱ्याच्या दुःखावर हसू नये’ हे पन्नास वेळा लिहून आणायला लावलं.

पण लिहायचं कारण वेगळंच आहे. यंदा आमच्या वर्गात दिंडोरी तालुक्यातून एक मुलगी आली आहे, आत्याकडे राहते. स्नेहसंमेलनात नाचतानाचा तिचा एक फोटो, तोंड उघडं आणि डोळे मिटलेले, वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर स्टिकर होऊन फिरत होता. मला ते परवा कळलं. माझ्या चित्रपटानंतर कोणीतरी त्या स्टिकरवर हेच वाक्य टाकलं. ती तीन दिवस शाळेत आलेली नाही. मुख्याध्यापक म्हणतात, फार वाढवू नका, शाळेचं नाव खराब होतं. मी तो चित्रपट दाखवायलाच नको होता का? ही मुलं इतकी निर्दय कशी झाली? आणि आता मी करू काय?

– एक शिक्षिका, नाशिकरोड

उत्तर

ताई, नमस्कार. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. हे उत्तर तुम्हाला आजच ईमेलने पाठवते आहे. सदरात ते सावकाश येईल, तेही मुलीची ओळख पटेल अशा खुणा बदलून.

आज शाळा सुटली की त्या मुलीच्या आत्याकडे जा. फोनवर भागवू नका. फोनवर आत्या म्हणतील ‘जरा ताप आहे’, तुम्ही म्हणाल ‘काळजी घ्या’, आणि दोघींनाही काम झाल्यासारखं वाटेल. घरी जा, चहा घ्या, तिच्याजवळ बसा. स्टिकरचा विषय तिला काढावा लागू नये, तो तुम्हीच काढा. ‘मला परवा कळलं. आधी कळायला हवं होतं,’ एवढं म्हणा. मग ती बोलेल तेव्हा मध्ये बोलू नका, आणि गप्प राहिली तर तुम्हीही थोडा वेळ गप्प बसा. त्यानंतर एक प्रश्न अगदी सरळ शब्दांत विचारा: ‘तुला जगू नये असं वाटतं का गं?’

हा प्रश्न जिभेवर यायला फार जड जातो. नसलेलं खूळ आपणच डोक्यात घालू, अशी भीती वाटते. तसं होत नाही, या क्षेत्रातले डॉक्टर हे पुन्हापुन्हा सांगतात. ज्याच्या मनात ते असतं त्याला कोणीतरी विचारलं म्हणून हायसंच वाटतं. ती ‘हो’ म्हणाली, किंवा मान खाली घालून काहीच म्हणाली नाही, तर तिला एकटी सोडायचं नाही हे आत्यांना सांगा आणि तिथूनच १४४१६ लावा. ही सरकारची टेली-मानस सेवा आहे, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. फोन फुकट लागतो, रात्री-अपरात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. मुलांसाठी १०९८ आहेच. प्रत्यक्ष डॉक्टरांना दाखवायचं तर आपल्या सिव्हिलमध्ये मानसोपचार विभाग आहे, तिथे स्वतः तिच्याबरोबर जा.

निघण्यापूर्वी आत्यांना बाजूला घेऊन घरातली औषधं कुलपात ठेवायला सांगा. आणि ‘चार दिवस गावी जाऊन येऊ दे’ असं घरच्यांच्या मनात असेल, तर तिच्या वडिलांनाही आधी फोन करा. दिंडोरी-निफाडकडे ज्यांच्या बागा आहेत त्यांच्या घरी फवारणीचे डबे पडवीत असतात, कधी पलंगाखालीही असतात. आपण त्या विषाला ‘औषध’च म्हणतो, त्यामुळे ते हाताशी पडलेलं असणं कोणाला खटकत नाही. श्रीलंकेने १९९५ पासून जहाल कीटकनाशकांवर एकामागून एक बंदी आणली, आणि पुढच्या वीस वर्षांत तिथल्या आत्महत्यांचं प्रमाण निम्म्याहूनही खाली आलं. तिथल्या माणसांची दुःखं काही निम्मी झाली नव्हती. त्या घटकेला हाताला विष लागलं नाही, आणि ती घटका टळली. म्हणून कुलूप. आत्यांना हे समजावून सांगाल तर त्या घाबरणार नाहीत, किल्ली स्वतःच्या कमरेला लावतील.

आता मुलांच्या हसण्याबद्दल. इथे मला तुमच्याशी थोडं भांडायचं आहे.

हा चित्रपट १७ जुलै २०११ रोजी अमेरिकेतल्या एबीसी फॅमिली वाहिनीवर लागला होता. एमिली ऑस्मेंटने नायिकेचं, टेलरचं, काम केलंय, तीच ‘हॅना मोंटाना’ या मालिकेतली मैत्रीण. सतराव्या वाढदिवसाला आई लॅपटॉप देते, टेलर ‘क्लिकस्टर’ नावाच्या साइटवर खातं उघडते, धाकटा भाऊ तिच्या खात्यात शिरून तिच्या नावाने काहीतरी अचकट लिहितो आणि तिथून घसरण सुरू होते. मीही तो पाहिला आहे, आणि तुमच्यासारखाच गंभीरपणे पाहिला आहे. पण नववीच्या मुलाच्या डोळ्यांनी एकदा बघा. ‘क्लिकस्टर’ हे नाव एखाद्या मोठ्या माणसाने मीटिंगमध्ये बसून ठरवल्यासारखं वाटतं. भावाने जे लिहिलं त्याने सगळी शाळा हादरते, आणि आपली मुलं त्याहून वाईट रोज सकाळी दात घासताना वाचतात. पात्रं एकमेकांशी बोलायचं सोडून प्रेक्षकांना माहिती देत राहतात. दीड तासात एवढं सगळं कोसळायचं असल्यामुळे कोणालाच श्वास घ्यायला फुरसत नाही. आणि त्या सगळ्यावर ती झाकणाची ओळ.

तुम्ही मराठी शिकवता, त्यामुळे ‘रसाभास’ हा शब्द तुम्हाला मी सांगायला नको. काश्मीरचे काव्यशास्त्रज्ञ अभिनवगुप्त यांनी म्हटलंय की कोणत्याही रसाचा नुसता आभास झाला की त्याचा शेवट हास्यात होतो. करुणरसाचंही तसंच. हे हजार वर्षांपूर्वी सांगून ठेवलेलं आहे. त्या शनिवारी तुमच्या वर्गात जे झालं ते मुलांच्या काळजात दगड आहे म्हणून झालं नाही. त्यांना सांगण्यातला खोटेपणा ऐकू आला.

शालिमारच्या साईखेडकर नाट्यगृहात राज्य नाट्य स्पर्धेतलं एक प्राथमिक फेरीचं नाटक मी पाहत होते. मुलगा गेल्याची बातमी ऐकून बापाने दार उघडून बाहेर धावायचं, असा प्रवेश होता. सेटवरचं दार फुगलं होतं. नटाने ढकललं, पुन्हा ढकललं, खांदा लावला, सगळा सेट हलला आणि दार तसंच. प्रेक्षागृहात हशा उसळला. मी तिसऱ्या रांगेत होते, मला त्याचा चेहरा दिसत होता. तो माणूस खरंच रडत होता. आणि मी हसत होते, शेजारच्या आजी हसत होत्या, त्यांचा तर स्वतःचा मुलगा वर्षापूर्वी गेलेला होता. आमच्यापैकी कोणीही त्या बापाच्या दुःखाला हसलं नव्हतं.

झाकणाचं तर आणखी एक आहे, आणि ते मुलांना माहीत असण्याचा संभवच नाही. आपल्याकडे गोळ्या पाकिटातून मिळतात, कात्रीने दोन-चार कापून देतात. अमेरिकेत त्या बाटलीत मिळतात आणि बाटलीला दाबून फिरवायचं झाकण असतं. लहान मुलांनी गोळ्या खाऊ नयेत म्हणून १९७० साली तिथे तसा कायदाच झाला. ते झाकण शांत डोक्याच्या माणसालाही कधीकधी दोनदा दाबावं लागतं. थरथरत्या, घामेजल्या हातांना ते दाद देत नाही. आपल्या मुलांच्या डोळ्यांसमोर पाण्याच्या बाटलीचं झाकण आलं असणार, आणि ‘हिला साधं झाकण निघेना’ म्हणून ती हसली असणार. तुम्ही चित्रपट थांबवून एवढंच सांगितलं असतं, तर निदान पुढच्या बाकावरच्या चार जणी तरी चपापल्या असत्या. आत्यांना कुलूप लावायला का सांगायचं, याचंही उत्तर त्या झाकणातच आहे. सगळ्या चित्रपटात सर्वांत खरी गोष्ट कुठली असेल तर तीच, असं मला वाटतं. आणि जग त्यालाच हसलं.

कारण तो प्रसंग नंतर कित्येक वर्षं मीम होऊन फिरला. तुम्ही लिहिलंय की काही मुलगे ती बोलायच्या आधीच हसायला लागले. तुम्हाला तो निगरगट्टपणा वाटला. मला वाटतं त्यांनी ते वाक्य आधी पाहिलेलं होतं, काही सेकंदांचं, मागचंपुढचं काहीही नसलेलं. तुमच्यासाठी तो चित्रपटाचा कळस होता, आणि त्यांच्यासाठी एक जुना विनोद अचानक शाळेच्या बोर्डावर आला होता. रडणाऱ्या मुलीचा एक तुकडा कापून घ्यायचा आणि हसायला पुढे पाठवायचा, हे तुमच्या वर्गातल्या स्टिकरचंही झालं. नाचणाऱ्या मुलीचं गाणं, तिची तालीम, तिने त्या दिवशी घातलेला परकर-पोलका, सगळं कापून टाकलं आणि उघडं तोंड तेवढं ठेवलं. म्हणून ते वाक्य त्या स्टिकरवर इतकं सहज चिकटलं. मुलांना शिकवण्यासारखं काही असेल तर ते हे कापणं आहे.

आणि कापून टाकलेला भाग काय आहे? टेलरचा जो जेम्स नावाचा ऑनलाइन मित्र असतो, ज्याच्या नावाने तिच्याबद्दल घाणेरडी अफवा पसरते, तो मुळात नसतोच. तो तिच्याच जिवाभावाच्या मैत्रिणीने, समांथाने, बनवलेला असतो. आणि टेलर निरोपाचा व्हिडिओ टाकते तेव्हा तो पाहून धावत तिच्या घरी येणारीही समांथाच. जिने इजा केली, तीच धावत आली. चित्रपटवाल्यांनी हे सोनं हातात असून त्यावर पुरेसा वेळ काढला नाही, शेवटी खलनायिकेला चार शब्द सुनावले आणि प्रकरण मिटवलं. खऱ्या आयुष्यात तर असं धावून येणारं कोणी असेलच असंही नाही. अमेरिकेतल्याच मिसूरी राज्यात २००६ साली एका १३ वर्षांच्या मुलीशी असाच खोटा मुलगा बनून बोलणं चाललं होतं, आणि त्यामागे तिच्या जुन्या मैत्रिणीच्या घरची मोठी माणसं होती. ती मुलगी वाचली नाही. २००८ साली त्या राज्याने कायदा बदलला.

म्हणून स्टिकर बनवणाऱ्या मुलाला शोधाल तेव्हा हे समांथाचं लक्षात ठेवा. तो सापडेल. नववीत कोणी काय केलं ते सगळ्यांना माहीत असतं, फक्त आपल्याला नसतं. वर्गासमोर उभं करू नका. एकट्याला बोलवा, ‘का केलंस’ असं विचारू नका, त्याला उत्तर नसतं. ‘हे बनवलंस तेव्हा ती कुठे बसली होती?’ असं विचारा. एकदा माझ्याकडे अशाच कारणाने आलेल्या एका मुलाला मी हे विचारलं होतं. तो बराच वेळ नखं कुरतडत राहिला आणि म्हणाला, ‘माझ्या पुढच्या बाकावर. तिची वेणी माझ्या वहीवर येत होती.’ त्यानंतर मला फार काही बोलावं लागलं नाही. त्याने माफी मागावी, पण ती मुलगी ऐकायला तयार झाली तरच, आणि तिला हवी तशी. चिठ्ठी चालेल म्हणाली तर चिठ्ठी. तोंड पाहायचं नाही म्हणाली तर तेही मान्य करायचं.

ग्रुपचं काम पटकन उरका. आधी स्क्रीनशॉट घेऊन ठेवा, तारीख आणि नंबर दिसतील असे, कारण पुसल्यावर पुरावा राहत नाही. मग ॲडमिनकडून स्टिकर सगळ्यांसाठी डिलीट करून घ्या, व्हॉट्सॲपमध्ये ॲडमिनला तेवढा अधिकार असतो. ज्यांनी तो सेव्ह केलाय त्यांच्या फोनमध्ये तो राहीलच. तिथे पालकांची मदत लागेल. पालकसभेची वाट न पाहता एकेकाला फोन करा आणि ‘तुमचा मुलगा बिघडलाय’ या शब्दांनी सुरुवात करू नका.

मुख्याध्यापकांना सांगा की आत्ता बोललो तर हे एका वर्गाचं प्रकरण आहे. साध्या स्टिकरसाठी पोलिसांत जायची गरज मला दिसत नाही. अठरा वर्षांखालच्या मुलांकडे कायदाही सुधारण्याच्या दृष्टीने पाहतो. पण उद्या तिच्या नावाने खोटं खातं निघालं, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याची ६६ सी आणि ६६ डी ही कलमं आहेत, आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर घरबसल्या तक्रार करता येते. आणि तिच्या फोटोशी अश्लील छेडछाड झाली, तर मग ‘वाढवू नका’ म्हणायचा अधिकार शाळेला नाही. पॉक्सो कायद्यात, म्हणजे मुलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्यात, माहिती असूनही न कळवणं हाच गुन्हा आहे.

पन्नास वेळा लिहायला लावलंत, ते मात्र चुकलं, ताई. तुमचा राग मला कळतो. पण ज्याने स्टिकर बनवला त्यानेही पन्नास ओळी लिहिल्या, आणि जी कोपऱ्यात गप्प बसली होती तिनेही. स्टिकर जिचा झाला ती मुलगी त्या दिवशी वर्गात होती का, ते हजेरीपटावर पाहा. असेल, तर तिनेही ‘दुसऱ्याच्या दुःखावर हसू नये’ हे पन्नास वेळा लिहिलंय. तसं असेल तर आज तिच्याजवळ बसाल तेव्हा हेही बोला. वर्गालाही सांगा की ती शिक्षा मी मागे घेते. मुलं शिक्षकांच्या तोंडून असं क्वचित ऐकतात आणि विसरत नाहीत.

चित्रपट दाखवायला नको होता का? मी म्हणेन, दाखवलात ते बरं झालं. नाहीतर तो स्टिकर दहावीपर्यंत फिरत राहिला असता आणि तुम्हाला पत्ताही लागला नसता. पुढच्या वेळी दीड तासाचा दाखवू नका, दहा मिनिटं दाखवा, तीही झाकणापासून समांथापर्यंतची. मुलं हसली तर हसू द्या. हसून झाल्यावर विचारा की यात खोटं काय वाटलं. ती तुम्हाला वीस गोष्टी सांगतील, आणि त्या सांगता सांगता खरं कसं असतं तेही सांगून जातील. कोणता इमोजी कशासाठी, कोणता स्टिकर कोणावर, मेसेज ‘सीन’ करून, म्हणजे वाचून, उत्तर न देण्याचा अर्थ काय. २०२५ मध्ये नेटफ्लिक्सवर आलेल्या ‘ॲडोलसन्स’ या ब्रिटिश मालिकेत एक इन्स्पेक्टर शाळेत तपासाला जातो आणि त्याचा स्वतःचाच मुलगा त्याला बाजूला घेऊन सांगतो की बाबा, तुम्ही त्या इमोजींचा अर्थ उलटा लावताय. चांगला, प्रेमळ बाप आहे तो, आणि त्याला अक्षरही वाचता येत नव्हतं. त्या प्रसंगाला कोणी हसेल असं मला वाटत नाही. तुमच्या वर्गातली भाषा तुम्हाला मुलांकडूनच शिकावी लागेल. शिकवा म्हटलं की ती खुशीने शिकवतात.

हे सगळं पुढच्या आठवड्यात. आज फक्त तिच्याकडे जा. जाताना तीन दिवसांचा अभ्यास एखाद्या चांगल्या अक्षराच्या मुलीकडून कोऱ्या वहीत उतरवून घ्या आणि ती वही बरोबर न्या. गृहपाठावर तपासणीची तारीख सोमवारची घाला.